कारण लिहिता आले पाहिजे : सरकारी कचेरीतील नैतिक पेच सोडवण्याची एक पद्धत

सरकारी नोकरीतील नीतिमत्तेचा विषय निघाला की बोलणे लगेच लाचेवर येते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. लाच घेऊ नये हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. त्यासाठी १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम आहे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. खरी अडचण निराळ्याच ठिकाणी येते. दोघांची मागणी रास्त असते आणि द्यायला एकालाच पुरेल एवढे असते. नियम स्पष्ट असतो, पण समोर बसलेल्या बाईची परिस्थिती त्याच्या चौकटीत बसत नाही. साहेबांनी तोंडी सांगितलेले काम पूर्ण चूक नसते आणि पूर्ण बरोबरही नसते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे प्रसंग ऋतूंच्या पाठोपाठ येतात. उन्हाळ्यात माण, खटाव, जत, आटपाडी भागात टँकरच्या खेपा वाटाव्या लागतात, जूनमध्ये दाखल्यांसाठी सेतू केंद्रापुढे रांगा लागतात, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की आधी स्थलांतर आणि मागाहून पंचनामे सुरू होतात.

अशा वेळी नीतिशास्त्राचा उपयोग कसा करायचा, याची पायरीपायरीने मांडणी येथे केली आहे. हा विषय आपल्या भागाला परका नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून आपले आचारविचार तपासले होते. आज त्याच टेंभूचे नाव उपसा सिंचन योजनेमुळे तोंडी असते आणि पाण्याच्या न्याय्य वाटपाचा प्रश्नही त्याच नावाशी जोडला गेला आहे. प्रशिक्षणवर्गांत मात्र आगरकरांपेक्षा माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे उदाहरण हमखास दिले जाते. ते दिले जावे, परंतु त्याने थोडी दिशाभूलही होते. पेशव्याच्या खुनाचा निवाडा करण्याची वेळ कोणत्याही अव्वल कारकुनावर येत नाही, आणि राजीनामा देऊन निघून जाणे हे शंभरातल्या नव्व्याण्णव पेचांचे उत्तर नसते. खुद्द रामशास्त्रीही पुढे कारभाऱ्यांच्या आग्रहाने परत येऊन न्यायाधीशपदाचे रोजचे काम पाहू लागले, हा भाग सहसा सांगितला जात नाही.

या पद्धतीचा गाभा एवढाच आहे की निर्णयाचे खरे कारण टिपणीत लिहिता आले पाहिजे, आणि तेही ज्याच्यावर त्या निर्णयाचा परिणाम होणार आहे त्याच्या हाती देता येईल अशा शब्दांत. तत्त्वज्ञांचे सिद्धांत हे त्या कारणापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत. त्यांतला एक निवडून बाकीच्यांशी भांडण्याची गरज नाही.

पायरी पहिली : पेच खरा आहे का, ते तपासा

पुरानंतर पंचनामे चालू असताना सरपंच तलाठ्याला बाजूला घेऊन म्हणतात, “भाऊसाहेब, ही अकरा घरं पण धरा की. सरकारचेच पैसे आहेत, तुमच्या खिशातले थोडेच जाणार?” त्या अकरा घरांत पाणी आलेच नव्हते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावात भाऊसाहेब हाच शब्द चालतो.) सरपंचांशी वैर घेणे अवघड असेल, बदलीची भीतीही वाटत असेल, तरी उत्तर काय आहे हे भाऊसाहेबांना ठाऊक आहे. हा मोह आहे, किंवा दबाव आहे; पेच नाही. दिवाळीतला मिठाईचा पुडा, ठेकेदाराने लग्नात दिलेला आहेर, ‘चहापाणी’ हे सगळे याच वर्गात मोडते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठीचे १९६७चे वर्तणूक नियम त्यासाठी पुरेसे आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे आणि ज्यात आपण केवळ पळवाट शोधत आहोत, तिथे जर्मन तत्त्वज्ञ कांट आणि मिल यांना साक्षीला बोलावू नये. ते दोघेही येतात आणि हुशार माणसाला हवी ती साक्ष देऊन जातात.

खरा पेच तिथे असतो, जिथे दोन्ही बाजूंना कर्तव्य उभे असते. त्याच गावात एक विधवा बाई आहे. गाव तिला आक्का म्हणते. तिच्या घरात छातीएवढे पाणी होते, मागची भिंत खचली आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर तिच्या मयत सासऱ्याच्या नावावर आहे आणि दीर म्हणतो की वाटणी झालेली नाही, पैसा आला तर माझ्या खात्यात आला पाहिजे. इथे नियमाशी प्रामाणिक राहणे आणि बाधित माणसाला वेळेत मदत देणे ही दोन्ही खरी कर्तव्ये आहेत. पुढच्या पायऱ्या अशा प्रसंगांसाठी आहेत.

पायरी दुसरी : जागेवर जा, आणि जो समोर नाही त्यालाही मोजा

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत वस्तुस्थिती दिलेली असते; कचेरीत ती मिळवावी लागते, आणि चुकलेले बहुतेक निर्णय विचार चुकला म्हणून नव्हे तर माहिती अपुरी होती म्हणून चुकतात, असे माझे मत आहे. चावडीत बसून, गावातल्या दोन वजनदार माणसांना विचारून केलेला पंचनामा कायद्याने पंचनामा ठरेलही, पण भिंतीवर उमटलेली गाळाची रेघ चावडीतून दिसत नाही. ती रेघ जमिनीपासून किती उंचीवर आहे, चुलीची जागा कोणती, कपड्यांची गाठोडी कोणाची, वीजबिल कोण भरते, शेजारी काय सांगतात, या साध्या गोष्टींतूनच ‘या घरात प्रत्यक्ष कोण राहते’ हा आक्काच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा सुटतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कचेरीत जो येतो त्याचे म्हणणे ऐकले जाते, आणि जो येऊ शकत नाही त्याचा विचार राहून जातो. वारसनोंदीचा अर्ज घेऊन तिघे भाऊ येतात आणि सांगतात की बहिणींचे काही म्हणणे नाही, त्यांना हक्क नको आहे. कायद्याचा भाग सोपा आहे: २००५च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने मुलींना मुलांइतकाच वाटा दिला आहे, आणि हक्क सोडायचा तर रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, ‘फोनवर विचारलंय’ हे चालत नाही. नैतिक भाग त्यापुढे सुरू होतो. बहीण सही करायला आली तर ती भावांच्या गराड्यात उभी असते. तिला बाजूला बसवून, आपण काय सोडत आहोत हे तिला ठाऊक आहे का, एवढे शांतपणे विचारणे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही आणि कोणत्याही परिपत्रकाने मना केलेले नाही. प्रत्येक प्रकरणात कागदाच्या कडेला एक ओळ लिहावी: ‘या निर्णयाने ज्याचे काही जाणार आहे, पण जो आज इथे नाही, असा कोण?’ माहेरची बहीण, गावाबाहेरची वाडी, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, पुढच्या वर्षीचा अर्जदार, आणि करदाता. सरपंचांच्या अकरा घरांत हा शेवटचा माणूसच विसरला गेला होता.

पायरी तिसरी : नियम वाचा, त्याचा हेतू वाचा, आणि आपल्या हाती किती आहे ते पाहा

नियम हा नीतीचा शत्रू आहे आणि माणुसकी म्हणजे नियमाला दिलेली बगल, अशी एक समजूत कचेरीबाहेर फार आहे, आणि कधीकधी कचेरीतही आढळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. कोणाला दोष देण्यासाठी हे येथे लिहिलेले नाही, कारण पाणी चढत असताना काठावरच्या माणसाला ‘तू थांब’ म्हणणे किती कठीण असते याची कल्पना दूर बसून येत नाही. परंतु बोटीच्या क्षमतेचा आकडा हा कोरडा नियम नसतो. दयेच्या भरात आपल्याला जे दिसणार नाही, ते शांत वेळी बसून कोणीतरी आधीच पाहून ठेवलेले असते, आणि तेच नियमात उतरलेले असते.

म्हणून नियम मोडावासा वाटला की प्रथम तो कशासाठी केला हे विचारावे. काही नियम धोका टाळण्यासाठी असतात. त्यांना सहसा हात लावू नये. काही नियम सर्वांना सारखी वागणूक मिळावी म्हणून असतात. तिथे सवलत द्यायची तर सारख्या स्थितीतल्या सगळ्यांना द्यावी लागते. काही नियम केवळ पुराव्याच्या सोयीसाठी असतात, आणि तिथे दुसरा तितकाच खात्रीचा पुरावा स्वीकारण्याची मुभा बहुधा नियमातच असते, ती कोणी वाचलेली नसते. चौथाही प्रकार आहे: नियमच अपुरा किंवा कठोर असतो. २०१९च्या पुरात मोफत धान्यासाठी भाग दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट आली आणि तिच्यावर चौफेर टीका झाली. अशा वेळी गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने पाणी किती तास होते याचा आकडा फुगवणे हा मार्ग नव्हे. अट कोणाला वगळते आहे याची नावानिशी यादी करून त्याच दिवशी वर पाठवणे हा मार्ग आहे. खोट्या आकड्याने आपल्या गावाचे काम भागेल, पण अट तशीच राहील आणि शेजारच्या गावातला प्रामाणिक तलाठी तिच्यात अडकेल.

आक्काच्या प्रकरणात या पायरीवर एक गोष्ट उघड होते. मदत एकच दिसत असली तरी त्यात दोन निरनिराळ्या रकमा आहेत. तातडीच्या निर्वाहासाठीचे सानुग्रह अनुदान प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबासाठी असते, आणि घराच्या पडझडीची भरपाई घराशी, म्हणजे मालकीशी, बांधलेली असते. दिराचा वाद दुसऱ्या रकमेला लागू पडतो, पहिलीला नाही. अर्धा पेच इथेच सुटला, आणि अजून कोणत्याही तत्त्वज्ञाचे नाव घ्यावे लागलेले नाही. हे नेहमी होते. नियम नीट वाचणे हे नीतिशास्त्रातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

पायरी चौथी : उरलेल्या पेचाला चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादाचा: कोणत्या पर्यायाने एकंदर अधिक लोकांचे अधिक भले होते? सरकारी कामात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण साधने नेहमी तोकडी असतात. मात्र तो घाईने विचारला की फसवतो. एक काल्पनिक पण नित्याचे उदाहरण घेऊ. टंचाईग्रस्त गावात गावठाणाची वस्ती १,२०० आणि तीन किलोमीटरवरच्या वाडीची ९०. टँकरसाठी माणशी रोज २० लिटर धरले, तर गावठाणाला २४,००० आणि वाडीला १,८०० लिटर लागतात. टँकर १२,००० लिटरचा आहे आणि दिवसाला दोनच खेपा होतात, म्हणजे एकूण २४,००० लिटर. गावठाणाची गरज बरोबर भागते, दोन्ही खेपा गावविहिरीत रित्या केल्या जातात, आणि वाडीच्या बायका तीन किलोमीटरवरून घागरी वाहतात. कागदावर १,२९० माणसांना पाणी मिळालेले असते. ‘बहुसंख्यांचे हित’ म्हणून हे सहज खपते.

आता हिशेब पूर्ण करू. तेच पाणी सर्वांत सारखे वाटले तर माणशी सुमारे १८.६ लिटर येते, म्हणजे गावठाणातल्या प्रत्येकाचे दीड लिटरसुद्धा कमी होत नाही आणि वाडीला जवळजवळ पुरे पाणी मिळते. वाडीतला पहिला लिटर पिण्याचा असतो, गावठाणातला विसावा लिटर बहुधा भांडी विसळण्याचा. दोन्हींचे मोल सारखे नाही. प्रत्येकाची गणती एक आणि कोणाचीही एकाहून अधिक नाही, हा बेंथमचा नियम म्हणून मिलने नोंदवला आहे. तो पाळला तर उपयुक्ततावादही वाडीच्याच बाजूने उभा राहतो. उरते ती खरी अडचण, म्हणजे वाडीचा रस्ता टँकरला चढत नाही. ती व्यवस्थेची अडचण आहे. लहान वाहनावर प्लॅस्टिकची टाकी चढवून ती सोडवता येते, आणि तिला ‘बहुसंख्यांचे हित’ असे नाव देऊ नये.

दुसरा प्रश्न कांटचा: मी ज्या तत्त्वावर वागत आहे, ते सर्वांनी सर्वांशी पाळावे असे मला म्हणता येईल का? दाखल्यांच्या दिवसांत सहकाऱ्याचा भाचा येतो. उद्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे, नॉन क्रिमीलेयर दाखला आजच हवा आहे. त्याची निकड खरी आहे. पण ‘माझ्या सहकाऱ्याचा भाचा असेल तर रांग मोडावी’ हे तत्त्व फलकावर लिहून लावता येत नाही. ‘ज्याची अंतिम मुदत दोन दिवसांत आहे त्याचा अर्ज आधी घ्यावा’ हे मात्र लावता येते. मग तसा फलक लावावा, प्रवेशाच्या वेळापत्रकाची प्रत दाखवणाऱ्या कोणाचाही अर्ज त्या रांगेत घ्यावा, आणि भाच्यालाही त्याच रांगेत उभे करावे. उपकाराचे रूपांतर नियमात करता आले तर तो उपकार द्यायला हरकत नसते. करता आले नाही तर नकार द्यायचे कारण आपोआप सापडते. कांटच्या विचाराचा कचेरीला याहून मोठा उपयोग मला दिसलेला नाही. त्याचेच दुसरे सूत्र, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे वर आलेल्या बहिणीच्या सहीला लागू पडते: तिची सही फेरफार मार्गी लावण्याचे साधन नाही.

तिसरा प्रश्न अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा: या प्रकरणातला मी नेमका कोण असेन, हे ठाऊक नसते तर मी कोणती व्यवस्था मान्य केली असती? अधिकारी, सरपंच, दीर की आक्का. गावठाण की वाडी? ज्यांना हा ‘अज्ञानाचा पडदा’ फार अमूर्त वाटतो त्यांनी गांधीजींचे जंतर आठवावे. आपण पाहिलेल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला त्यांनी सांगितले होते. दोन्ही एकच नाहीत, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीतून उठवण्याचे काम दोन्ही करतात.

चौथा प्रश्न ॲरिस्टॉटलचा, आणि तो थोडक्यात: हा निर्णय वारंवार घेत राहिलो तर मी कशा प्रकारचा अधिकारी होत जाईन? एकदा केलेली सूट ही सूट असते. दर सोमवारी केलेली सूट ही सवय होते, आणि सवय म्हणजेच स्वभाव.

पायरी पाचवी : उत्तरे जुळली नाहीत तर

बऱ्याचदा चारही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने येतात. ती आली नाहीत, तर डब्ल्यू. डी. रॉस या स्कॉटिश तत्त्वज्ञाची १९३० मधली मांडणी उपयोगी पडते. दिलेला शब्द पाळणे, झालेल्या नुकसानीची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, कोणाला इजा न करणे, स्वतःची सुधारणा ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्ये आहेत, असे तो म्हणतो. त्यांचा कायमचा क्रम लावता येत नाही आणि प्रत्येक प्रसंगात कोणते अधिक भारी हे पाहावे लागते. सरकारी कामापुरते मी यात एक वजन धरतो: कोणाला इजा न करणे आणि न्याय ही दोन कर्तव्ये परोपकाराच्या आधी यावीत, कारण आपण वाटतो ते आपले नसते. स्वतःच्या पैशाने उदार होणे हा सद्गुण आहे. शासनाच्या पैशाने उदार होताना कोणाचा तरी हिस्सा कापला जात असतो.

रॉसकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. मागे पडलेले कर्तव्य नाहीसे होत नाही. ते काहीतरी मागत राहते. पडझडीची रक्कम वारस ठरेपर्यंत राखून ठेवणे योग्य असले, तरी आक्का पावसाळाभर खचल्या भिंतीच्या घरात राहणार आहे. ती जबाबदारी ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारून संपत नाही. वारसनोंदीचा अर्ज कुठे करायचा हे तिला लिहून देणे, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो हे सांगणे, तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ग्रामपंचायतीला पत्र देणे, एवढे उरतेच.

पायरी सहावी : टिपणी लिहा

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ हा शेरा आपल्या कचेऱ्यांत दिवसातून कितीतरी वेळा लिहिला जातो. कोणता नियम, उचित म्हणजे काय आणि कार्यवाही कोणी करायची, यांतले काहीच त्यात नसते. निर्णय घेतल्यासारखे दिसते आणि जबाबदारी खाली घसरते. ‘चर्चा करावी’ हा त्याचा धाकटा भाऊ. वरिष्ठांना खरोखर चर्चा हवी असेल तर ती जरूर करावी, परंतु ती झाल्यावर काय ठरले हे त्याच पानावर आले पाहिजे.

कांटने १७९५ साली एक कसोटी सांगितली: दुसऱ्यांच्या हक्कांना स्पर्श करणारी जी कृती, तिचे तत्त्व जाहीर होताच फसेल, ती अन्याय्य असते. आपल्याकडे ही कसोटी २००५ पासून कायद्यात उतरली आहे. माहितीच्या अधिकारात टिपण्यांच्या प्रती मागता येतात, आणि त्याच अधिनियमाचे कलम ४ सांगते की प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवली पाहिजेत. म्हणून टिपणी लिहिताना वाचक म्हणून साहेब डोळ्यांपुढे आणू नयेत. ज्याला नकार मिळाला तो माणूस आणावा. आक्काच्या प्रकरणाची टिपणी साधारण अशी होईल:

“अर्जदार कुटुंब सदर घरात प्रत्यक्ष राहत असल्याचे स्थळपाहणी, वीजबिल व लगतच्या दोन रहिवाशांचे जबाब यांवरून दिसून येते. घराची कर आकारणी मयत सासऱ्यांच्या नावे असून वारसांमध्ये वाद आहे. सानुग्रह अनुदानाचा हेतू बाधित कुटुंबाचा तातडीचा निर्वाह हा असल्याने ते प्रत्यक्ष रहिवासी कुटुंबास देणे योग्य वाटते. पडझडीची रक्कम मालकीशी निगडित असल्याने वारस निश्चित होईपर्यंत राखून ठेवावी. अर्जदाराच्या दिरांची हरकत ऐकली. ती मालकीपुरती ग्राह्य आहे, रहिवासापुरती नाही. गावात अशाच स्थितीतील आणखी चार कुटुंबे असून त्यांनाही हेच तत्त्व लावले आहे. यादी सोबत जोडली आहे. आदेशार्थ सादर.”

यात पाहण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. विरुद्ध म्हणणे नोंदवून मग त्याला उत्तर दिले आहे, आणि ‘आणखी चार कुटुंबे’ शोधण्याचे कष्ट घेतले आहेत. त्या एका ओळीमुळे हा निर्णय आक्कावरची मेहेरबानी राहत नाही. टिपणी लिहायला बसल्यावर खरे कारण लिहावेसे वाटेना, दुसरेच एखादे शोभिवंत कारण सुचू लागले, तर लेखणी खाली ठेवावी आणि दुसऱ्या पायरीवर परत जावे.

पायरी सातवी : वरून आलेला शब्द

तोंडी आदेशाविषयी पुष्कळ भीती आहे आणि वर्तणूक नियम फारसे कोणी वाचलेले नाहीत. १९७९च्या नियमांतील नियम ३ नुसार कर्मचाऱ्याने आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने काम करायचे असते. वरिष्ठांच्या निदेशानुसार करायचे असेल तर शक्य तिथे तो निदेश लेखी घ्यायचा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर त्याला लेखी दुजोरा मिळवायचा. म्हणजे लेखी मागणे हा उद्धटपणा नाही. तो नियमच आहे. फक्त मागण्याची रीत असते. “साहेब, लेखी द्या” असे दालनात चारचौघांत म्हणण्यापेक्षा, परत जागेवर येऊन “आज दुपारी दिलेल्या सूचनेनुसार पुढीलप्रमाणे कार्यवाही प्रस्तावित आहे, मात्र अमुक शासन निर्णयातील अमुक अट लक्षात घ्यावी, ही विनंती” अशी टिपणी वर पाठवावी. अनेक बेकायदेशीर सूचना या एका कागदापाशीच विरघळतात, कारण सूचना देणाऱ्यालाही सही करायची नसते.

आपला आक्षेप नोंदवल्यावर आणि तो फेटाळला गेल्यावर काय करावे, हे आदेशाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. आदेश कायदेशीर असून केवळ आपल्याला कमी योग्य वाटत असेल, तर तो मनापासून अंमलात आणावा. लोकशाहीत धोरण ठरवण्याचा हक्क निवडून आलेल्यांचा आहे आणि आपली नापसंती म्हणजे सद्सद्विवेक नव्हे. आदेश उघड बेकायदेशीर असेल, तर तो पाळायला नकार देणे हेच कर्तव्य असते. तो नकारही लेखी, थोडक्यात आणि विशेषणांशिवाय असावा. मधल्या पट्ट्यात सहकाऱ्याशी, संघटनेतल्या जाणत्या माणसाशी किंवा वकिलाशी बोलून घ्यावे. एकट्याने शौर्य गाजवणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते, आणि ज्याच्या घरी कर्जाचे हप्ते आहेत त्याला ते शिकवण्याचा अधिकार दुसऱ्याला नसतो.

फाइल दाबून ठेवणे हा तिसरा मार्ग अनेकांना सुरक्षित वाटतो. तो सुरक्षित नाही आणि नैतिकदृष्ट्या तटस्थही नाही. बदल्यांचे विनियमन आणि विलंब प्रतिबंध यासाठीच्या २००५च्या राज्य अधिनियमानुसार फाइल एका टेबलावर सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक राहू नये, आणि २०१५च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपिलाची सोय दिली आहे. निर्णय न घेणे हाही निर्णयच असतो, फक्त त्याला टिपणी नसते.

पायरी आठवी : निर्णयानंतर

निर्णय झाल्यावर तो बाधित माणसाला समक्ष आणि त्याला समजेल अशा भाषेत सांगावा, विशेषतः नकार असेल तर. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही त्याच वेळी सांगावे. आपल्याच निर्णयाविरुद्धची वाट दाखवताना थोडे जड जाते, ते जाऊ द्यावे.

मग एकाच प्रकारचा पेच पुन्हा येतो आहे का, ते पाहावे. घर मयताच्या नावावर आणि राहणारी विधवा, हे प्रकरण नदीकाठच्या प्रत्येक गावात निघते. तर पुढच्या पावसाळ्याआधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पूररेषेतल्या घरांच्या मयत नावांची यादी ग्रामपंचायतीकडून घेऊन वारसनोंदींची मोहीम लावता येते. टंचाई आराखड्यात गावठाणाबरोबर वाडीचे नाव, लोकसंख्या आणि टाकीची जागा वेगळ्या ओळीत लिहून घेता येते. असे केले की पुढच्या खेपेला भाऊसाहेबांना पेचच पडत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की संवैधानिक नीतिमत्ता ही निसर्गतः येणारी भावना नाही, ती जोपासावी लागते. ॲरिस्टॉटल सद्गुणांविषयी तेच सांगतो: ते सरावाने येतात. सरावाला जागा हवी असते, आणि ती तहसील किंवा पंचायत समितीच्या मासिक आढावा बैठकीत सहज काढता येते. निकाली निघालेले एक प्रकरण घ्यावे, नावे झाकावीत, टिपणी मोठ्याने वाचावी, आणि सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याला, शक्यतो कोतवालाला किंवा नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला, पहिल्यांदा बोलू द्यावे. वरिष्ठ आधी बोलले की बाकीच्यांचे मत तिथेच ठरून जाते. वीस मिनिटे पुरतात. पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणी फारसे बोलत नाही, आणि बोललेच तर साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात. म्हणून सुरुवातीची प्रकरणे दुसऱ्या तालुक्यातली निवडावीत.